भिंत काढली तरी उभा राहिलेला पट्टा

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कोणी विचारायला नको. आमच्या दाराला लिंबू-मिरची नाही. अमावास्या कधी येते ते मला शेजारच्या काकूंकडून कळतं. साइटवर काम सुरू करताना नारळ फोडते, पण तो क्लायंटच्या समाधानासाठी, आणि त्याचं खोबरं नंतर सगळे मिळून खातो. मी इंटिरिअर डिझायनर आहे, माझा विश्वास मेजर टेपवर. या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना मनातल्या मनात हसते... त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलेय, हे जरा विचित्रच वाटतंय.

आणि माझ्या गोष्टीत ओसाड बंगला वगैरे काही नाही. एक जुना डेस्कटॉप आहे आणि त्यात बसवलेलं एक सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड. बस्स.

आम्ही बोरिवली पश्चिमेला राहतो, मी आणि माझा नवरा प्रसाद. अंधेरीतल्या एका फर्ममधली नोकरी सोडून मी घरून स्वतःची कामं घ्यायला लागले. फर्मचा भारी लॅपटॉप अर्थातच परत करावा लागला. घरी होता तो प्रसादने लग्नाच्या सुमारास एकेक पार्ट आणून जोडलेला डेस्कटॉप. ईमेल-बिईमेलला ठीक, पण माझं काम वेगळं. घराचं माप घ्यायचं, कॉम्प्युटरवर त्याचं थ्रीडी मॉडेल करायचं आणि त्यावरून हुबेहूब फोटोसारखं चित्र काढायचं. त्याला आम्ही रेंडर म्हणतो. घर तयार झाल्यावर कसं दिसेल ते क्लायंटला आधीच कळतं. आमचा डबा असं एक चित्र काढायला अख्खी दुपार घ्यायचा, आणि मध्येच बंद पडला की पुन्हा पहिल्यापासून.

त्याच वेळी मला घाटकोपरचं काम मिळालं होतं. क्लायंट नितीन परब, वय तिशीच्या आसपास, लग्न ठरलेलं. घाटकोपर पूर्वेला चार मजली जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याचा रिसेलचा फ्लॅट घेतला होता आणि आईला घेऊन तिथे राहायलाही आला होता. लग्नाआधी घर झकास करायचं आणि मुख्य म्हणजे किचन आणि हॉलमधली भिंत पाडून ओपन किचन करायचं, ही त्याची अट. त्याच्या आईला ते अजिबात मान्य नव्हतं. मी माप घ्यायला गेले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भित रवांदे गो बाय. बांगडे तळूक घेतले की वास हॉलात येतलो, मगे ह्योच नाक धरून बसतलो." मी हसून विषय टाळला. पैसे देणारा मुलगा, मी आईचं कसं ऐकणार!

भिंत अगदी साधी होती. इकडून तिकडून एकाच जाडीची, कुठे फुगवटा नाही. वर आधीच्या मालकाने पीओपीची फॉल्स सीलिंग केलेली, त्यामुळे बीम कुठे आहे ते दिसत नव्हतं. बिल्डिंगचे मूळ नकाशे सोसायटीकडे नव्हते. कॉन्ट्रॅक्टर शिंदे माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांनी भिंतीवर ठोकून पाहिलं, ड्रिलने एक भोक पाडलं, लाल विटेची पूड आली. म्हणाले, वीटच आहे मॅडम, बिनधास्त पाडू. ते भोक त्यांनी कमरेच्या उंचीवर पाडलं होतं. हे मुद्दाम सांगतेय, लक्षात असू द्या.

तर कार्ड. असली चित्रं झपाट्याने काढायला कॉम्प्युटरला ते लागतं. प्रसादने ऑनलाइन जाहिरात बघून जोगेश्वरीच्या एका माणसाकडून घेतलं. त्याने समोर चालवून दाखवलं होतं. घरी आणून लावलं तर स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, बीप वाजतोय, चित्र नाही. मी तेव्हाच म्हटलं, फसवलं आपल्याला. प्रसादने कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, पुन्हा स्लॉटमध्ये दाबून बसवलं, मग थोडा वेळ चित्र आलं आणि परत गेलं. शेवटी त्याच्या लक्षात आलं की जुना एसएमपीएस — म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा — एवढ्या कार्डाला पुरत नाहीये. तो बदलला, आणि कॉम्प्युटर असा धावायला लागला की काय सांगू. अख्ख्या दुपारचं काम चहा होईपर्यंत उरकायचं.

पहिलं रेंडर केलं ते नितीनच्या हॉलचं, भिंत आहे तशी ठेवून. चित्र उत्तम आलं. फक्त त्या किचनच्या भिंतीवर एक काळपट उभा पट्टा होता. जमिनीपासून छतापर्यंत, साधारण वीतभर रुंद. कमरेच्या उंचीवर तो एका बाजूने खाल्ल्यासारखा अरुंद झालेला, मग पुन्हा सरळ. भिंतीला मी फिका पिस्ता रंग दिला होता, त्यावर ते ओल आल्यासारखं दिसत होतं.

प्रसाद म्हणाला, कार्डाची मेमरी खराब असेल. अशी कार्डं लोक महिनोन्‌महिने क्रिप्टोकरन्सीच्या मायनिंगला, म्हणजे रात्रंदिवस आकडेमोडीला, जुंपतात आणि मग पुसून विकतात. माझा संशय होताच, तो पक्का झाला. त्याने ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मुळापासून काढून नव्याने टाकला. पट्टा तसाच. कार्ड किती तापतं ते बघितलं, ठीक होतं. एका रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत टेस्ट लावून ठेवली, एकही चूक नाही. माझ्या फर्मच्या काळातल्या जुन्या फाइली काढून रेंडर केल्या. मुलुंडचा एक फ्लॅट, अंधेरीचं एक क्लिनिक. सगळी चित्रं स्वच्छ! फक्त घाटकोपरच्या फाइलमध्ये पट्टा.

मग फाइल बिघडली असणार. मी ती भिंत पुसून नव्याने काढली. पट्टा आला. सगळं मॉडेल कोऱ्या फाइलमध्ये पहिल्यापासून बांधलं. पट्टा आला. कार्ड काढून ठेवलं आणि जुन्या पद्धतीने, रखडत, तेच चित्र काढलं. पट्टा नाही. कार्ड परत लावलं... आला.

तोपर्यंत मी वैतागले होते, घाबरले नव्हते. घाबरायची वेळ आली ती मी मॉडेलमधला कॅमेरा हलवला तेव्हा. आधीची सगळी चित्रं मी दारातून बघितल्यासारखी काढली होती. या वेळी खिडकीकडून बघितलं. पट्टा भिंतीवर त्याच जागी होता, पण आता तिरका दिसत होता, त्या कोनातून खरी वस्तू दिसेल तसा. प्रसादने दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघितली. मग त्याने मला नीट समजावलं. कार्ड खराब असलं तर डाग चित्रावर येतो. कार्डाला काय माहीत तू कुठून बघतेयस? तो डाग स्क्रीनवर एका जागी राहायला हवा. हा खोलीत एका जागी राहतोय.

आता मी प्रसादवरही संशय घेतला, हे लपवत नाही. त्याला असल्या गमती करायची सवय आहे. एकदा त्याने माझ्या स्क्रीनवर झुरळ चालवलं होतं. तो ऑफिसला गेल्यावर मी इंटरनेटची वायर काढली, मॉडेलमध्ये भिंत दुसऱ्या नावाने काढली, रंग बदलला, आणि रेंडर लावलं. सकाळचे अकरा वाजले असतील, खाली भाजीवाला ओरडत होता, खिडकीतून भरपूर ऊन. पट्टा आला.

मग मी एक गोष्ट केली जी खरं तर पहिल्यांदाच करायला हवी होती. ओपन किचनचं चित्र. भिंतच काढून टाकली. हॉलमधून थेट ओटा दिसतोय, मधे मोकळी जागा. म्हटलं, आता डाग पडायला भिंतच नाही, बघू काय करतो.

भिंत नव्हती. पट्टा होता. मोकळ्या जागेत, जमिनीपासून छतापर्यंत एकटाच उभा. आणि आता त्याला जाडी होती, बाजू होत्या. त्याची सावली फरशीवर पडली होती, मी मॉडेलमध्ये ठेवलेल्या उजेडाच्या बरोबर उलट्या दिशेला. कमरेपाशी तो खाल्लेला भाग आता नीट दिसत होता... कोणीतरी चावा घेतल्यासारखा.

संध्याकाळी प्रसाद आला. मी काही न बोलता त्याला चित्र दाखवलं. एक लक्षात घ्या, तो घाटकोपरच्या त्या फ्लॅटवर कधीच गेला नव्हता. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "मानसी, हा पिलर आहे."

दुसऱ्या दिवशी मी जोगेश्वरीला त्या कार्डवाल्याकडे गेले. त्याला वाटलं मी पैसे परत मागायला आलेय, त्यामुळे तो आधीच तडकला. मी म्हटलं, पैसे नकोत, एवढंच सांगा, हे कार्ड आधी कोणाकडे होतं? त्याने माझ्याकडे असं बघितलं की काय ही बाई! मुलुंडच्या एका बँकेतल्या माणसाचं होतं म्हणाला, तो त्याच्यावर गेम खेळायचा, मग परदेशी गेला. इंजिनिअर नाही, बिल्डर नाही, घाटकोपरशी संबंध नाही. मला खोटं वाटलं. मी खोदून खोदून विचारलं, त्याने शेवटी त्या माणसाबरोबरचे जुने मेसेजही दाखवले. त्यात कार्डाचा फोटो आणि भावाची घासाघीस, बाकी काही नाही.

भिंत पाडायचा दिवस ठरलेला होता. मी नितीनला फोन करून म्हटलं, थांबा, मला शंका आहे की त्या भिंतीत कॉलम आहे. कॉलम म्हणजे बिल्डिंगचा खांब, तो तोडला तर वरचे तिन्ही मजले कशावर उभे राहणार? नितीनने विचारलं, शंका कशावरून? कॉम्प्युटर म्हणतोय, असं सांगू? मी काहीतरी गुळमुळीत बोलले.

"मॅडम, आईने तुम्हाला फोन केला होता का?" त्याने विचारलं.

केला होता. आठवड्यापूर्वी, बांगड्यांच्या वासावरून. मी ते नाकारू शकले नाही. मग तो जे बोलला त्यात आवाज चढलेला नव्हता, पण अर्थ स्पष्ट होता. तुम्ही दोघींनी मिळून हे ठरवलंय. शिंद्यांनी भोक पाडून बघितलंय, तिथे वीट आहे. शेवटी तो एवढ्यावर तयार झाला की माझ्यासमोर प्लास्टर काढायचं. काही निघालं नाही तर भिंत त्याच दिवशी पडेल, आणि पुढचं काम तो दुसऱ्या कोणाला देईल.

सकाळी साइटवर पोचले. नितीन हाताची घडी घालून उभा, त्याची आई किचनच्या दारात, शिंदे आणि त्यांचा माणूस. चित्रातला पट्टा मॉडेलशी जुळवून मी माप काढलं होतं, ते खिडकीच्या कडेपासून टेपने मोजलं आणि खडूने दोन उभ्या रेघा मारल्या. शिंद्यांनी विचारलं, इथेच का? मी म्हटलं, इथेच.

त्यांच्या माणसाने हाताला सोयीचं म्हणून कमरेच्या उंचीवर छिन्नी लावली. प्लास्टर पडलं. आत लाल वीट. अजून थोडं काढलं, परत वीट. शिंदे हसले नाहीत, पण त्यांनी नितीनकडे बघितलं. नितीनने आईकडे. त्या क्षणी मला खरंच वाटलं की आपण वेड्या आहोत, एका सेकंडहँड कार्डाच्या नादाला लागून हातचं काम आणि नाव दोन्ही घालवलं. आणि मग मला तो खाल्लेला भाग आठवला.

मी म्हटलं, इथे नको. वर घ्या, डोक्याच्या उंचीला.

वर प्लास्टर पडलं आणि छिन्नीचा आवाजच बदलला. करडं काँक्रीट. त्याच्या कडेला गंजून फुगलेली सळई. शिंदे पुढे झाले, त्यांनी माणसाच्या हातातून हातोडी काढून घेतली आणि त्याला बाहेर जायला सांगितलं. मग स्वतः, अगदी हलक्या हाताने, वरून खाली प्लास्टर सोलत आले. जुना कॉलम होता. कमरेपाशी कोणीतरी त्याचा मोठा लचका काढला होता, आतली एक सळई चक्क कापलेली, आणि त्या खड्ड्यात विटा भरून वरून साफ प्लास्टर मारलं होतं. आधीच्या मालकाला बहुतेक आत कपाट किंवा पाइप घ्यायचा असेल. शिंद्यांचं ड्रिल नेमकं त्या विटांमध्ये गेलं होतं.

खडूच्या रेघा आणि कॉलमच्या कडा यांत बोटभरही फरक नव्हता.

त्यानंतर दिवसभर धावपळ झाली. स्ट्रक्चरल इंजिनिअर आले, बीमखाली लोखंडी टेकू लागले, सोसायटीची माणसं जमली, वरच्या मजल्यांवरच्या लोकांना काही दिवस दुसरीकडे राहायला सांगितलं. इंजिनिअर म्हणाले, ही भिंत पाडली असती तर... आणि त्यांनी वर बघितलं फक्त. मग त्यांनी मला विचारलं की तुम्हाला अंदाज कसा आला. मी खोटं बोलले. म्हटलं, ठोकून बघताना आवाज वेगळा वाटला. शिंदे तिथेच होते. मी भिंतीवर कधीही ठोकलं नव्हतं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मला तोंडघशी पाडलं नाही, पण त्या दिवसापासून ते माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

मला वाटलं होतं नितीन आभार मानेल. मानलेही, सगळ्यांसमोर. पण निघताना गेटपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना? आधीचा मालक की एजंट, कोणाला ओळखता तुम्ही?" मी शपथ घेतली. त्याने मान हलवली, पण त्याला पटलं नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं. पुढे सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, तोच प्रश्न घेऊन. कॉलम कोणी तोडला ते त्यांना शोधायचं होतं आणि त्यांना वाटत होतं की मी काहीतरी लपवतेय. लपवत तर होतेच, पण ते जे समजत होते ते नाही.

नितीनच्या आईने मात्र सरळ विचारलं. कॉलमची दुरुस्ती झाल्यावर मी एकदा गेले होते, तेव्हा चहाचा कप हातात देत म्हणाल्या, "माका सांग, तुका कोणी सांगल्यान?" त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, त्यांना नुसतं ऐकायचं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. पट्ट्यापासून सावलीपर्यंत. कॉम्प्युटरचं किती कळलं माहीत नाही, पण त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, झीलाक सांगू नको, ह्यां घर तो विकून टाकीत. आजपर्यंत मी नितीनला सांगितलेलं नाही. भिंत राहिली, लग्न झालं, घराचं उरलेलं काम शिंद्यांनी पुरं केलं. मला पुन्हा बोलावलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, माप घेताना तुझ्या नजरेने काहीतरी टिपलं असेल, मनात राहिलं असेल. प्रसादही आधी तेच म्हणाला. असेल बाबा. पण माझ्या मनात राहिलेलं कार्डातून कसं बाहेर येईल? आणि कार्ड काढल्यावर ते का येत नव्हतं? या क्षेत्रातल्या दोन-तीन जणांना मी चित्रं दाखवली. एकाने फाइल तपासून सांगितलं की यात असं काहीही नाही ज्यामुळे पट्टा येईल. दुसरा म्हणाला फोटोशॉप आहे. इथे चित्र टाकणार नाही, दुसऱ्याच्या घराचं आहे.

कॉलमची दुरुस्ती झाल्यावर मी तीच फाइल, त्याच कार्डावर, पुन्हा लावून बघितली. पिस्ता रंगाची स्वच्छ भिंत. कॉलम अजून तिथेच आहे, आत, आधीपेक्षा जाड. पण पट्टा नाही. भिंत काढून बघितली, तरी नाही. त्यानंतर मी त्या कार्डावर बरीच कामं केली आणि सगळी चित्रं बिनडाग आली. याचा अर्थ काय लावायचा ते मला आजही कळलेलं नाही. कोणाला कळलं तर सांगा, मी मनापासून वाचेन, या वेळी हसणार नाही.

एक शेवटचं. आमचीही बिल्डिंग जुनीच आहे. गेल्या महिन्यात प्रसादने आपलंही किचन नवं करू म्हणून टूम काढली, आणि एका रविवारी आम्ही दोघांनी मिळून अख्खं घर मोजलं. मॉडेल मी त्याच आठवड्यात पूर्ण केलं. खिडक्या, दारं, ओटा, देव्हारा, सगळं जागच्या जागी आहे.

रेंडरचं बटण मी अजून दाबलेलं नाही. आणि प्रसादनेही, झालं का, म्हणून विचारलेलं नाही.